ठेच आणि शहाणपण

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण सगळे जाणतो. पुढे चालणाऱ्याच्या पायाला दगड लागला, की मागचा माणूस तो दगड चुकवून जातो. म्हण खरी आहे. पण ज्याला ठेच लागली, त्याच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. त्याचे काय? तो शहाणा होतो का?

नेहमी होतोच असे नाही. एकाला ठेच लागते, तो दगडाला शिव्या देतो आणि पुढे जातो. दुसरा आधी आजूबाजूला पाहतो. कोणी पाहिले तर नाही ना? मग लंगडत, पण काही झालेच नाही असे दाखवत निघून जातो. तिसरा खाली वाकतो, दगड उचलतो आणि बाजूला ठेवतो. ठेच तिघांना सारखीच लागली. शहाणा मात्र एकच झाला.

म्हणजे चूक झाली की शहाणपण आपोआप येते, असे नाही. चूक फक्त दगड कुठे आहे ते दाखवते. वाकायचे कष्ट आपल्यालाच घ्यावे लागतात. ते कसे घ्यायचे, हे या धड्यात पाहू या.

आपल्या वर्गातलेच उदाहरण घ्या. नवीन शिकणारा माणूस पाटीवर ‘घर’ लिहायला जातो आणि ‘धर’ लिहितो. शेजारचा हसेल म्हणून तो लगेच तळहाताने पाटी पुसतो. पण पुसलेली पाटी शिक्षकाला काहीच सांगत नाही. पाटी तशीच ठेवली असती, तर शिक्षक म्हणाले असते, “हे बघा, ‘घ’च्या डोक्यावरची रेघ अखंड असते. ‘ध’ची रेघ मध्ये तुटते. तुम्ही रेघ तोडलीत, म्हणून घराचं धर झालं.” एवढे कळले की पुढचे काम सोपे. ते न कळता शंभर वेळा ‘घर’ लिहिले, तर शंभरातले निम्मे ‘धर’च व्हायचे.

चूक पुसण्याआधी ती नीट पाहावी. हा या धड्यातला पहिला मुद्दा.

नशीब की चूक?

चूक पाहायची म्हणजे आधी ती चूक आहे की नाही, ते ठरवायला हवे.

मृगाचा पहिला पाऊस पडतो. शेजाऱ्याने तिफण जुंपली किंवा ट्रॅक्टर लावला, की आपलाही जीव राहत नाही. आपण पेरून मोकळे होतो. मग पाऊस पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. कोंब करपतात. दुबार पेरणी करावी लागते. बियाणे गेले, मजुरी गेली, डोक्यावर उसनवारी आली. आपण म्हणतो, “पावसानं दगा दिला. नशिबात नव्हतं.”

पाऊस आपल्या हातात नाही, हे अगदी खरे. पण पेरताना जमिनीत ओल किती खोल गेली होती, हे पाहणे तर हातात होते. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच पेरा, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. तो ऐकला होता का? माती हातात घेऊन पाहिली होती का? की शेजाऱ्याने पेरले म्हणून आपण पेरले?

नुकसान झाले, की त्याचे दोन वाटे करावेत. जे हातात नव्हते, तो एक वाटा. जे हातात होते, तो दुसरा. पहिल्याबद्दल जिवाला खाऊ नये. दुसऱ्याकडे पाठ फिरवू नये.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. काही लोक गरिबाच्या प्रत्येक दुःखाला ‘तुझीच चूक’ म्हणतात. तेही बरोबर नाही. दुष्काळ पडला, घरात मोठे आजारपण आले, गिरणीला टाळे लागले, तर त्यात त्या माणसाची चूक कसली? नसलेली चूक माथी मारून घेतली, तर माणूस खचतो आणि शिकत काहीच नाही. म्हणून वाटे नीट करावेत. स्वतःशीही न्यायाने वागावे.

झाकलेली चूक वाढते

चूक झाली की पहिली इच्छा होते ती झाकण्याची. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही.

आजकाल फोनवरून लुबाडणूक फार होते. “बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार आहे, मोबाइलवर आलेला नंबर सांगा,” असे कोणीतरी गोड आवाजात म्हणतो. घाबरून नंबर सांगितला, की खात्यातले पैसे जातात. खरी बँक असा नंबर कधीही विचारत नाही. फसवणारा चोर आहे, दोष त्याचाच. आपली चूक एवढीच, की घाईत विश्वास ठेवला. पण खरे नुकसान पुढे होते. “घरात कळलं तर काय म्हणतील? शिकायला जाते म्हणे, आणि एवढंही कळलं नाही!” या लाजेने माणूस दोन दिवस गप्प बसतो. तेवढ्यात पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरून नाहीसे होतात. त्याच घटकेला घरात सांगितले आणि १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला, बँकेला कळवले, तर काही वेळा पैसे वाटेतच अडवता येतात. म्हणजे नंबर सांगितल्याने जेवढे नुकसान होते, त्यात गप्प बसल्याने भर पडते.

चूक उघड करायला धैर्य लागते. हे धैर्य एका पंधरा वर्षांच्या मुलाने कसे दाखवले, ते पाहा.

हा मुलगा काठेवाडातला. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. त्याच्या भावावर पंचवीसेक रुपयांचे कर्ज झाले होते. भावाच्या दंडात सोन्याचे भरीव कडे होते. त्यातला थोडा तुकडा काढून विकला आणि कर्ज फिटले. कोणाला काही कळले नाही. चोरी पचली होती.

पण मोहनदासला ती पचेना. वडिलांना सांगावे, तर तोंडाने सांगण्याची हिंमत होईना. मार बसेल ही भीती नव्हती. वडिलांना दुःख होईल, ही भीती होती. शेवटी त्याने चिठ्ठी लिहिली. तीत चोरी कबूल केली. शिक्षा मागितली. माझ्या अपराधासाठी तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका, अशी विनवणी केली. पुन्हा चोरी करणार नाही, असे वचनही दिले. मग थरथरत्या हाताने चिठ्ठी वडिलांना दिली.

वडील भगंदराच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. ते उठून बसले. चिठ्ठी वाचली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, कागद भिजला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले. एक शब्द बोलले नाहीत. मुलगाही रडला.

गांधीजींनी पुढे आपले आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव ‘सत्याचे प्रयोग’. १९२५ सालापासून ते गुजरातीत हप्त्याहप्त्याने छापून आले. त्यात ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. चिठ्ठीत तीन गोष्टी आहेत, त्या ध्यानात ठेवू या. काय केले ते सांगितले. बहाणा केला नाही. आणि पुढे काय करणार नाही, तेही सांगितले. ‘माफ करा’ म्हणणे सोपे असते. या तीन गोष्टी असल्या तरच त्या शब्दाला वजन येते.

कारण शोधावे

चूक कबूल केली, म्हणजे काम संपले का? नाही. कबुली हा दरवाजा आहे. आत शिरून कारण शोधावे लागते. हे काम फार अवघड आहे. मोठमोठ्यांनाही ते एका दमात साधत नाही. गांधीजींचेच पुढचे आयुष्य पाहा.

१९१९ साली इंग्रज सरकारने रौलट कायदा केला. या कायद्याने चौकशीशिवाय माणसाला तुरुंगात टाकता येत होते. कायदा अन्यायाचा होता. गांधीजींनी देशाला हाक दिली. ६ एप्रिलला देशभर हरताळ पडला. लोकांनी उपास केले, सभा भरवल्या. एवढा मोठा हरताळ त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

दोन-चार दिवसांतच गांधीजी दिल्लीकडे निघाले असता सरकारने त्यांना वाटेत अडवले आणि मुंबईला परत आणले. गांधीजींना पकडले, ही बातमी पसरली आणि लोक खवळले. अहमदाबादेत जाळपोळ झाली. विरमगावात एका सरकारी अंमलदाराचा खून झाला. नडियादजवळ रेल्वेचे रूळ उखडण्याचा प्रयत्न झाला. गोळीबार झाले. दोन्हीकडची माणसे मेली.

त्याच आठवड्यात, १३ एप्रिलला, अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. शेकडो माणसे मारली. तो सरकारचा घोर गुन्हा होता. गांधीजींना म्हणता आले असते, “बघा, सरकार किती दुष्ट आहे! आमच्या लोकांनी थोडीफार जाळपोळ केली, तिचं काय एवढं?” पण दुसऱ्याचा गुन्हा मोठा आहे, म्हणून आपली चूक नाहीशी होत नाही. त्यांनी तीन दिवस उपास केला. सत्याग्रह थांबवला. नडियादच्या सभेत त्यांनी जाहीर सांगितले, की माझी चूक हिमालयाएवढी झाली. पुष्कळ लोक त्यांना हसले. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

आता त्यांनी कारण कसे शोधले, ते पाहू. ‘लोक चिडले म्हणून दंगल झाली’ एवढे म्हणून ते थांबले नाहीत. लोक तर चिडणारच होते. मग माझे काय चुकले, असे त्यांनी विचारले.

त्यांना उत्तर मिळाले ते असे. अन्यायाचा कायदा शांतपणे मोडणे हे शिस्तीचे काम आहे. जो माणूस एरवी चांगले कायदे आपल्या मनाने पाळतो, त्यालाच ते जमते. जो केवळ दंडाच्या भीतीने कायदा पाळतो, तो भीती उडाली की काहीही मोडतो. लोकांची ही तयारी झाली आहे की नाही, हे न पाहताच गांधीजींनी हाक दिली होती. आधी शिकवण, मग हाक, असा क्रम हवा होता. तो उलटा झाला. ओल न पाहता पेरणी झाली.

मग ते मुंबईला आले. लोकांना सत्याग्रह म्हणजे काय ते समजावून सांगण्यासाठी स्वयंसेवक गोळा करू लागले. पण थोडेच लोक पुढे आले, आणि आलेल्यांतलेही थोडेच टिकले. हरताळाला गर्दी जमली होती. शिकायला गर्दी जमेना.

पुन्हा तोच दगड

पुढे असहकाराची मोठी चळवळ झाली. हजारो लोक तुरुंगात गेले. गुजरातेतल्या बारडोली तालुक्यात पुष्कळ तयारी झाली होती. तिथे सरकारचे कायदे शांततेने मोडायचे ठरले. पण नोव्हेंबर १९२१ मध्ये मुंबईत दंगल उसळली. गांधीजींनी उपास केला आणि बारडोलीचे काम पुढे ढकलले. इशारा मिळाला होता.

फेब्रुवारी १९२२ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात, गोरखपूर जिल्ह्यातल्या चौरीचौरा गावी मिरवणूक निघाली. पोलिसांशी झटापट झाली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. जमाव चवताळला. पोलीस चौकीत शिरले होते. जमावाने चौकीला आग लावली. २२ पोलीस मेले. तेही याच देशातले, गरीब घरचे नोकरदार होते. त्यांच्याही घरी बायकामुले वाट पाहत होती.

बारडोलीला शिकवण मिळाली होती. पण हाक साऱ्या देशाला गेली होती. १९१९ सालची चूक पुरती गेली नव्हती. ती दुसऱ्या गावी उगवून आली.

गांधीजींनी पाच दिवस उपास केला. १२ फेब्रुवारी १९२२ रोजी काँग्रेसच्या कार्यकारिणीने बारडोलीत ठराव करून कायदेभंग थांबवला. तुरुंगात असलेले पुढारी संतापले. एका गावच्या चुकीसाठी साऱ्या देशाची चळवळ का थांबवायची, असे मोतीलाल नेहरू आणि लाला लजपतराय यांच्यासारख्यांना वाटले. थांबवले ते योग्य की अयोग्य, यावर अजूनही वाद होतात. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण एक गोष्ट खरी. पुढच्याच महिन्यात गांधीजींवर खटला झाला, तेव्हा चौरीचौऱ्याच्या जबाबदारीतून त्यांनी अंग काढून घेतले नाही. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

यातून आपण काय घ्यावे? एकदा चूक कळली म्हणजे ती पुन्हा होणारच नाही, असे समजू नये. बिडी सोडलेला माणूस सहा महिन्यांनी लग्नाच्या मांडवात पुन्हा बिडी ओढतो. मग म्हणतो, “गेलं सगळं! मागचे पाढे पंचावन्न!” तसे नसते. सहा महिने तो बिडीशिवाय राहिला, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. त्याने इतकेच पाहावे, की आपला पाय कुठे घसरला. मांडवात घसरला ना? मग पुढच्या लग्नात कोणाशेजारी बसायचे, ते आधी ठरवावे.

रीत बदलली

आठ वर्षे गेली. १९३० साल उजाडले. मिठावरच्या कराविरुद्ध सत्याग्रह करायचे ठरले. या वेळी गांधीजींनी काय केले?

त्यांनी आधी साऱ्या देशाला हाक दिली नाही. सुरुवात साबरमतीच्या आश्रमातल्या, शिस्तीत मुरलेल्या लोकांनीच करायची, असे ठरवले. १२ मार्चला साठीचे गांधीजी ७८ सोबत्यांना घेऊन पायी निघाले. वाटेत रोज प्रार्थना, रोज सूतकताई, आणि रोज प्रत्येकाने आपली रोजनिशी लिहायची, असा नेम होता. २४ दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालून ते दांडीला पोचले. ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. मग देशभर लोक मीठ करू लागले.

म्हणजे क्रम बदलला. आधी तयार माणसे, मग हाक.

मे महिन्यात गांधीजींना अटक झाली. १९१९ साली याच बातमीने जाळपोळ झाली होती. या वेळी काय झाले? २१ मे रोजी धारासणा इथल्या मिठागरावर सत्याग्रही गेले. सरोजिनी नायडू त्यांच्या पुढारी होत्या. रांगेने माणसे पुढे जात. पोलिसांच्या लाठ्या डोक्यावर बसत. माणसे पडत. मार चुकवायलाही कोणी हात वर करत नसे. पडलेल्यांना उचलून नेले, की दुसरी रांग पुढे येई. वेब मिलर नावाचा अमेरिकन बातमीदार तिथे हजर होता. तीनशेवर जखमी आपण मोजले, असे त्याने लिहिले. ती बातमी जगभर गेली.

अकरा वर्षांपूर्वीची चूक इथे कामाला आली. त्या वेळी ती झाकली असती, तर १९३० साली पुन्हा पहिल्यासारखीच हाक गेली असती.

मात्र खरे ते सगळे सांगायला हवे. १९३० साली सगळीकडेच शांतता राहिली, असे नाही. आपल्या सोलापुरात गांधीजींच्या अटकेनंतर गोळीबार आणि जाळपोळ झाली, माणसे मेली आणि सरकारने लष्करी कायदा पुकारला. पण या वेळी चळवळ थांबवली गेली नाही. कुठेतरी दंगा झाला, तरी शांततेने चालणाऱ्यांनी आपले काम सोडायचे नाही, असे गांधीजींनी आधीच ठरवले होते. पुढाऱ्यांचा १९२२ सालचा राग त्यांनी ऐकला असेल, नसेल. रीत मात्र इथेही बदलली होती. सुधारणा अशीच होते. सगळे एकदम नीट होत नाही. पण कालच्यापेक्षा आज पाऊल जपून पडते.

उशिरा कळलेली चूक

काही चुका फार उशिरा कळतात. मग माणूस म्हणतो, “आता कळून काय उपयोग?”

लहानपणी गांधीजींचा असा समज होता, की शिक्षणाला सुंदर अक्षराची गरज नाही. त्यांनी अक्षराकडे लक्षच दिले नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांनी वकिलांचे आणि तिथल्या तरुणांचे मोत्यासारखे अक्षर पाहिले आणि त्यांना लाज वाटली. त्यांनी सुधारण्याचा प्रयत्न केला. पण वळण पडून गेले होते. अक्षर शेवटपर्यंत सुधारले नाही.

मग त्यांनी काय केले? दोन गोष्टी केल्या. मुलांना अक्षरांच्या आधी चित्रे काढायला शिकवा, म्हणजे हाताला वळण लागेल, असे ते सांगू लागले. आपली वेळ गेली, तरी दुसऱ्यांची वाचावी म्हणून. आणि अक्षर वाईट म्हणून लिहिणे सोडले नाही. १९०९ साली इंग्लंडहून आफ्रिकेला परतताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ हे पुस्तक लिहिले. उजवा हात दुखू लागला, तेव्हा डाव्या हाताने लिहिले.

आपल्या वर्गातल्या आयाबायांना आणि मोठ्या माणसांना आम्ही हेच सांगतो. वेळेवर शाळेत गेलो नाही, याची हळहळ कोणाला नाही? पण मुलीला शाळेतून काढायचा विषय घरात निघाला, तर ती हळहळ बोलती करा. “मला घातलं नाही, तिला काढू नका,” असे म्हणा. मग उशिरा कळलेलेही वाया जात नाही.

ऐकणाऱ्याचे काम

चूक सांगणाऱ्याला धैर्य लागते, तसे ऐकणाऱ्याला मोठे मन लागते. मोहनदासच्या वडिलांनी त्या दिवशी आरडाओरडा केला असता, तर? कदाचित पुढची चिठ्ठी लिहिलीच गेली नसती.

घरात सून दूध उतू घालवते. मुलगा नापास होतो. नवरा जोडीदाराच्या शब्दावर भुलून उधारीत अडकतो. ते येऊन सांगतात, तेव्हा आपण काय म्हणतो? “मी म्हटलंच होतं!” “तुला कधी अक्कल येणार?” दहा वर्षांपूर्वीच्या चुकाही त्याच दिवशी बाहेर निघतात. मग तो माणूस एकच धडा शिकतो: पुढच्या वेळी सांगायचे नाही.

चूक पोटात घालावी, म्हणजे दडपावी असे नव्हे. नुकसान भरून काढायला सांगावे. पण सांगितल्याबद्दल शिक्षा करू नये. वडीलधाऱ्यांनी धाकट्यांसमोर आपली चूक कबूल केली, तर त्यांचा मान कमी होत नाही. उलट, घरात खरे बोलायला जागा होते.

चार प्रश्न

वर सांगितलेले सारे चार प्रश्नांत मावते. चूक झाली, की हे प्रश्न स्वतःला विचारावेत.

१. यात माझ्या हातात काय होते आणि काय नव्हते?
२. हे कोणाला सांगायला हवे? आज सांगता येईल का?
३. असे का झाले? पहिले उत्तर मिळाले, की पुन्हा एकदा ‘का?’ विचारा.
४. पुढच्या वेळी मी कोणती एक गोष्ट वेगळी करणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘मी नीट वागेन’ असे नसावे. ते हाताला लागेल असे हवे. ‘खर्च कमी करीन’ असे म्हणू नका. ‘बाजारातून आल्यावर त्याच संध्याकाळी खर्च वहीत लिहीन’ असे म्हणा. ‘फसणार नाही’ असे म्हणू नका. ‘वाचल्याशिवाय सही करणार नाही, आणि समजले नाही तर वर्गात विचारीन’ असे म्हणा.

लिहिता येऊ लागले, याचा हा एक मोठा फायदा आहे. डोक्यातली चूक चार दिवसांत विसरते, नाहीतर उगाच मोठी होऊन छळते. कागदावर लिहिलेली चूक आहे तेवढीच राहते. पुढल्या मृगाआधी वही उघडली, की आपलाच अनुभव आपल्याला वाचून दाखवतो: ‘गेल्या वर्षी ओल न पाहता पेरले.’ तेवढी एक ओळ दुबार पेरणीचा खर्च वाचवील.

अभ्यास

१. ‘पुसलेली पाटी शिक्षकाला काहीच सांगत नाही’ याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
२. १९१९ आणि १९३० या दोन वेळच्या कामांत गांधीजींनी कोणता क्रम बदलला?
३. फोनवर फसवणूक झाली, तर लगेच कोणकोणाला कळवावे? तो क्रमांक वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या.
४. तुमच्या घरी कोणी चूक सांगायला आले, तर तुम्ही पहिले वाक्य काय बोलाल? ते लिहा. मग वर्गात वाचून दाखवा.
५. गेल्या वर्षातली तुमची एक चूक आठवा. तिला वरचे चार प्रश्न विचारा. उत्तरे कोणाला दाखवायची नसतील, तर दाखवू नका. पण पुसू नका.